२४ फुटी फायबर होडीवर फिशफाइंडर, वायरलेस आणि दिवे बसवायचेत, वायरिंगचं सांगा

मोरजीचा_दर्या
नमस्कार मंडळी. आमची २४ फुटी फायबरची होडी आहे, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), बटन स्टार्ट. बाबा आणि काका रात्री जाळी घालायला जातात, मला रजा असली की मीही जातो. आत्तापर्यंत होडीवर एक बॅटरी, एक बल्ब आणि मोबाइल चार्जिंगचा सॉकेट एवढंच होतं. आता पावसात होडी वर ओढलेली आहे तर ७ इंची फिशफाइंडर (पाण्यात आवाज सोडून मासे आणि खोली दाखवणारा, जीपीएसवाला), एक २५ वॉटचा वायरलेस सेट, नीट दिवे आणि पाणी उपसायचा पंप असं सगळं एकदाच बसवून घ्यायचं ठरवलंय.
गावातला इलेक्ट्रिशियन म्हणतो घरात वापरतो तीच वायर ओढू, जोडांना काळी टेप गुंडाळू, एका दिवसात काम होईल. माझं मन मानत नाही. बाबा रात्री त्याच होडीतून बाहेर पडणार आहेत. ज्यांनी स्वतः बसवलंय त्यांनी सांगा, बॅटरी किती, वायर कुठली, आणि फिशफाइंडरचा तो खालचा सेन्सर कुठे लावायचा?

खारीवाडकर
तुझं मन बरोबर सांगतंय. घरची वायर अजिबात नको.

व्होल्टमास्तर
घरची जाड तारांची वायर इंजिनच्या थरथरीने आतल्या आत तुटते, वरून काहीच दिसत नाही. होडीवर बारीक तारांची फ्लेक्झिबल वायरच पाहिजे, आणि मिळाली तर टिन चढवलेल्या तांब्याची, म्हणजे सोलल्यावर तांबूस न दिसता चांदीसारखी दिसते ती. महाग पडते पण फरक डोळ्यांनी बघण्यासारखा आहे. मागच्या पावसात मालिमच्या जेटीवर एका होडीचं वायरिंग उघडलं, जोडावरची काळी टेप काढली तर आत चिकट पाणी, तांब्यावर हिरवी पूड, आणि इन्सुलेशन जोडापासून हातभर मागे सोललं तरी तार काळीच. खारं पाणी वायरच्या आतून वर चढत जातं. नुसता जोड नवीन करून भागलं नाही, अख्खी वायर बदलावी लागली.
दुसरं, जाडी. वायरलेसचा सेट ऐकताना अर्धा अँपियरही घेत नाही पण बोलायचं बटन दाबलं की पाच-साडेपाच अँपियर ओढतो. बॅटरी मागे, सेट पुढे, मधे ६ मीटर धर, जाऊन-येऊन १२ मीटर वायर झाली. १ स्क्वेअर एमएमची वायर असेल तर सव्वा व्होल्ट वायरीतच जातो. तीच ४ स्क्वेअर एमएमची घेतलीस तर पाव-एक तृतीयांश व्होल्टवर भागतं. बॅटरी थोडी उतरलेली असली की पहिल्या वायरीवर सेट बटन दाबताच बंद पडतो, आणि नेमका कधी पडेल तर मदत मागायची वेळ येईल तेव्हा.

पणजीवाली
जाऊन-येऊन दोन्ही धरायचं हे किती जण विसरतात! आमच्या भावाच्या होडीवर हेच झालेलं, सेट चालू दिसायचा, समोरचा ऐकू यायचा, पण ह्याचं बोलणं कुणालाच पोचत नव्हतं. दुकानदाराने सेट बदलून दिला तरी तेच. शेवटी वायर जाड केली आणि मिटलं.

तळपणकर
फ्यूज! कुणी फ्यूजचं बोललंच नाही अजून.

व्होल्टमास्तर
@तळपणकर येतोच त्यावर. मेन फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला अगदी लागून, वीतभराच्या आत. बरेच जण सगळे फ्यूज पुढे स्विच पॅनलमधे लावतात आणि बॅटरीपासून पॅनलपर्यंतची वायर तशीच मोकळी. ती मधे कुठे घासून निगेटिव्हला टेकली तर बॅटरी शेकड्याने अँपियर ओतते, वायर लाल होते आणि शेजारी पेट्रोलची टाकी. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, यंत्राला नाही, म्हणून वायर सुरू होते तिथेच तो पाहिजे. त्यानंतर पॅनलमधे प्रत्येकाचा वेगळा, फिशफाइंडरला साधारण ३ अँपियर, बाकीच्यांना त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेला असेल तो. उडाला म्हणून मोठा घालायचा नाही आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची तर मुळीच नाही.
पाण्याच्या पंपाची ऑटोमॅटिक लाइन मात्र मेन स्विचच्या आधी, सरळ बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसकट घे. होडी नांगरून घरी आलो आणि मेन स्विच बंद केला तरी पाऊस पडल्यावर पंप चालला पाहिजे.

आगोंदची_लाट
बॅटरी पेट्रोल टाकीपासून लांब ठेवा रे. लेड अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, घट्ट बंद खोक्यात ठेवायची नाही, झाकण असावं पण हवा खेळती पाहिजे. आणि पट्ट्याने आवळून बांधा, लाटेत उलटली तर अ‍ॅसिड सगळं तळाला.

सोल्डर_आणि_सुंगटं
मी म्हापशात टीव्ही-मिक्सर रिपेअर करतो. माझं मत, जोड सोल्डरच करावा. थिंबल (वायरच्या टोकाला लावायची धातूची टोपी) दाबून केलेला जोड कधी ना कधी सैल होतोच.

व्होल्टमास्तर
@सोल्डर_आणि_सुंगटं टीव्हीत मान्य, तिथे काही हलत नाही. होडीवर सोल्डर तारेत वर चढतं तिथपर्यंत ती कडक होते, आणि कडक भाग संपून मऊ सुरू होतो नेमकं तिथे थरथरीने तुटते. योग्य मापाची थिंबल, रॅचेटवाल्या क्रिंपिंग टूलने (पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारी पक्कड) दाबलेली, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी). गरम केल्यावर टोकाला गोंदाचा बारीक थेंब बाहेर दिसला पाहिजे, तर पाणी आत जात नाही. आणि मग हाताने जोर लावून ओढून बघायचं, निघाली तर परत.

सोल्डर_आणि_सुंगटं
पक्कडीने दाबलेल्या थिंबल मी खूप बघितल्यात, त्यावरून बोललो. रॅचेट टूलचं ठीक आहे. पण माझं एक ऐका, क्रिंप करून वर सोल्डरचा नुसता थेंब द्यायला काय हरकत?

व्होल्टमास्तर
हरकत हीच की तो थेंब थेंबावर थांबत नाही हो, तारेत ओढला जातोच. पुढच्या वेळी म्हापशाला आलो की दोन्ही करून दाखवतो, चहा तुमचा.

सोल्डर_आणि_सुंगटं
चहा नक्की, तुकड्यांची ओढाओढी मी करणार 😄

रापणीची_दोरी
एक वेगळंच विचारते. आमच्या इथे काही जण होडीवर मोठमोठे एलईडी लावून मासे गोळा करतात, आणि आता सगळ्यांना वायरिंग शिकवताय म्हणजे उद्या तेही इथे येऊन विचारतील. ते शिकवू नका अशी माझी हात जोडून विनंती. एलईडी लावून मासेमारीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. बाहेर जनरेटर लावून लहान-मोठं सगळं उचललं की किनाऱ्यावरून ओढायच्या आमच्या रापणीच्या जाळ्यात काय येणार? सासरे म्हणतात पूर्वी तारल्यांनी रापण ओढवत नसे.

मोरजीचा_दर्या
@रापणीची_दोरी ताई, आमचे दिवे फक्त दुसऱ्याला होडी दिसावी म्हणून आणि जाळं सोडवताना आत उजेड पाहिजे म्हणून. घरात रापणीत गेलेले लोक आहेत, तुमचं दुखणं कळतं.

खारीवाडकर
ताईंना शंभर टक्के पाठिंबा. ह्या धाग्यावर कुणी विचारलंच तर उत्तर देऊ नये.

तळपणकर
दिव्यांवरून, ७ मीटरच्या आतल्या होडीला एक पांढरा दिवा चारी बाजूंनी दिसणारा पुरतो, उगाच लाल-हिरवा खर्च कशाला.

निवृत्त_रेडिओ
तळपणकर, नियम अर्धा सांगितलात. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ती सूट ७ मीटरपेक्षा लहान आणि शिवाय वेग ७ नॉटच्या आत असलेल्यांना आहे. २४ फूट म्हणजे ७.३ मीटर, ती सूट थोडक्यासाठी हुकतेय. तेव्हा डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, प्रत्येकी समोरपासून बाजूच्या जरा मागेपर्यंत, ११२.५ अंश, आणि वर एक पांढरा सगळीकडून दिसणारा. १२ मीटरच्या आतल्या होडीला एवढं चालतं. जाळं घालून असताना वर लाल, खाली पांढरा असे दोन उभे, दोन्ही चहूबाजूंनी दिसणारे. ट्रॉल जाळं ओढत नेणाऱ्याचा लालच्या जागी हिरवा. जाळं होडीपासून १५० मीटरच्या पलीकडे पसरलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा.
हे पुस्तकी वाटेल, पण मुरगाव बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजाच्या ब्रिजवरून (जहाज हाकतात ती वरची खोली) काळ्या पाण्यात फायबरची होडी दिसतच नाही. मी उभा राहिलोय तिथे. रडारवरही लाटांच्या गर्दीत ती हरवते. तुमचा लाल-पांढरा दिसला की वरच्याला कळतं की ही होडी जाळ्याला बांधलेली आहे, पटकन बाजूला होणार नाही.

मोरजीचा_दर्या
काका, हे माहीतच नव्हतं, बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले जहाज बाजूने गेलं की आम्ही टॉर्च मारतो. मी म्हटलं आता चार दिवे घेऊ.

पणजीवाली
बॅटरीचं उत्तर राहिलं.

आगोंदची_लाट
मी मांडतो. फिशफाइंडर साधारण १ अँपियर, सेट ऐकताना ०.४, एलईडी दिवे मिळून अर्धा-पाऊण, म्हणजे ताशी २ च्या आसपास. रात्रीचे १० तास धरले तर २० अँपियर-तास, वर पंप, मोबाइल, अधूनमधून बोलणं, २५ ते ३० म्हणा. लेड अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून ६० ची तरी घ्या, आणि गाडीची नको, डीप सायकलवाली (पुन्हा पुन्हा खोल उतरवली तरी टिकणारी). जमलं तर इंजिन स्टार्टला लहान बॅटरी वेगळीच. रात्रभर स्क्रीन चालली आणि पहाटे मशीन उठलंच नाही असं व्हायला नको. ९.९ असेल तर दोरी ओढून सुरू होतं म्हणा, पण वारा उठल्यावर काकांनी दोरी ओढत बसायची?

तळपणकर
इंजिनवर चार्ज होईल की.

व्होल्टमास्तर
बटन स्टार्टवाल्याला बहुतेक रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) असतो, त्याचं होईल. नुसत्या दोरीवाल्या मशीनला लाइटिंग कॉइल असते, ती एसी देते. ती तशीच बॅटरीला जोडली तर चार्ज होतच नाही, आणि वेग वाढवला की व्होल्टेजही चढतं, त्याला रेक्टिफायर-रेग्युलेटर लावावाच लागतो. दर्या, इंजिन चालवून बॅटरीच्या टोकांवर मीटर लाव, १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं पाहिजे. आणि जाळ्याजवळ हळू चालताना कॉइल फार कमी देते, तेही लक्षात ठेव.

खारीवाडकर
लिथियम घेतली तर? वजनाला हलकी आहे.

व्होल्टमास्तर
हलकी आहे, जास्त खोल उतरते, सगळं खरं. पण आउटबोर्डच्या चार्जिंगवर सरळ टाकू नये. भरली की आतलं सर्किट एकदम तोडतं आणि इंजिनच्या रेक्टिफायरला झटका बसतो. मधे डीसी टू डीसी चार्जर घालायची तयारी असेल तरच.

मोरजीचा_दर्या
सेन्सरचं कुणी सांगा ना. दुकानदाराने मागच्या फळीला बाहेरून लावायचा ब्रॅकेट दिलाय.

रापणीची_दोरी
तुमची होडी वाळूवर ओढता ना? मग मागे बाहेरून लावलेलं काहीही टिकणार नाही. आमच्या दिराचा सेन्सर ओंडक्यांवरून ओढताना पहिल्या आठवड्यातच फुटला.

आगोंदची_लाट
ताई म्हणतात तेच. जेटीला बांधणाऱ्याला बाहेरचा चालतो, प्रोपेलरच्या फेसापासून लांब ठेवला की झालं. वाळूवर काढणाऱ्याने आतून बसवावा. फायबर घन असेल तर आवाज त्यातून आरपार जातो. पण तळाला दोन थरांच्या मधे फोम किंवा लाकूड घातलेलं असेल तर जात नाही, आधी ते तपासा. मी पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी तळावर ठेवून तिच्यात सेन्सर बुडवला आणि होडी उथळ पाण्यात नेऊन वाचन बघितलं, मग दोरीला शिसं बांधून खोली मोजली, जुळलं, तेव्हा ती जागा पक्की केली. जागा मागच्या अर्ध्यात हवी, जिथे होडी पळतानाही तळ पाण्यात राहतो. आतला रंग पॉलिश पेपरने घासून काढायचा, हळू सुकणारा इपॉक्सी ओतायचा, आणि सेन्सर गोल फिरवत दाबायचा म्हणजे खालची हवा निघते. एक बुडबुडा राहिला तरी चित्र गेलं. सिलिकॉन वापरू नका. पाण्याचं तापमान आतून बरोबर कळत नाही, बाजूचं बघणारे महागडे सेन्सर आतून चालत नाहीत, ते घेऊ नका. आपल्या किनाऱ्यालगतच्या पाण्याला २०० किलोहर्ट्झ उत्तम, ५० खोल पाण्यासाठी.
सेन्सरची केबल लांब झाली तरी कापू नका, गुंडाळून बांधा. आणि वायरलेसच्या, इंजिनच्या वायरींपासून ती वेगळ्या बाजूने न्या, नाहीतर स्क्रीनवर ठिपक्यांचा पाऊस.

पणजीवाली
केबल वरून डब्यात शिरते तिथे डब्याच्या खाली झोल द्यायचा आणि मग आत घ्यायची. पाणी झोलाच्या तळाला येऊन गळून जातं, आत नाही शिरत. एवढ्या साध्या गोष्टीने पॅनल वाचतं.

खारीवाडकर
वायरलेसचा परवाना लागतो हे लक्षात आहे ना दर्या? आणि कुणी सॅटेलाइट फोन, सॅटेलाइट मेसेंजर बाहेरून आणून लावायची आयडिया देईल तर ऐकू नकोस, आपल्याकडे परवानगीशिवाय बेकायदा आहे, विमानतळावर पर्यटकांनासुद्धा पकडलंय.

निवृत्त_रेडिओ
अगदी बरोबर. सेट बसल्यावर बाबांना तीन गोष्टी पाठ करून घ्या. चॅनल १६ संकटाचा आणि बोलावण्याचा, तिथे बाजारभाव बोलायचे नाहीत. सेटला डीएससीचं (एका दाबात संकटाचा डिजिटल संदेश पाठवायचं) लाल बटन असेल तर तो चॅनल ७० वरून आपोआप हाक देतो, पण त्यात होडीचा एमएमएसआय नंबर (वायरलेसवरची होडीची ओळख) भरलेला पाहिजे, आपल्या देशाचे ४१९ ने सुरू होतात. आणि मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.
अँटेना उंच बांधा. हे लहरींचं सरळ रेषेचं काम आहे, २५ वॉट असले तरी क्षितिजापलीकडे फार जात नाही. दोन होड्यांच्या अँटेना ३-३ मीटरवर असतील तर साधारण साडेसात सागरी मैल. किनाऱ्यावरची १०० मीटर उंचीवर असेल तर २५. म्हणून काठी दोन हात उंच केलीत तर वॉट वाढवण्यापेक्षा जास्त मिळतं. हातातला तरंगणारा ५ वॉटचा सेटही एक ठेवा, होडी उलटली तर मुख्य सेट बॅटरीसकट पाण्याखाली जातो. शापोरा नदीच्या तोंडावर वाळूचा पट्टा कसा लाट उचलतो ते मोरजीकराला मी सांगायला नको.

मोरजीचा_दर्या
नको काका, तिथे काय काय होतं ते आम्ही बघत आलोय. सरकारी ट्रान्सपाँडरचं काय? बाबांना सोसायटीत कुणी सांगितलं.

खारीवाडकर
मत्स्यसंपदा योजनेतलं ते. एक लाख ट्रान्सपाँडर बसवायची योजना आहे, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला सुरू झाली. इस्रोच्या उपग्रहावरून दोन्ही बाजूंनी मेसेज जातो, मोबाइलची रेंज लागत नाही, हवामानाचा इशाराही येतो. मत्स्योद्योग खात्यात नाव घालून ठेव. पण त्यालाही वीज तुझ्याच वायरिंगमधून जाणार आहे, त्यासाठी पॅनलमधे एक जागा रिकामी सोड.

तळपणकर
जीपीएस आला म्हणून निशाण्या विसरू नका. आमचे वडील डोंगर आणि देवळाचा कळस जुळवून खडकावर आणून ठेवायचे.

मोरजीचा_दर्या
बाबांच्या निशाण्या मी जीपीएसमधे भरतोय तळपणकर काका. काकांनी मित्राकडून घेतलेले दोन खडक मात्र जुळत नाहीयेत, अर्धा-पाऊण किलोमीटर चुकतात.

निवृत्त_रेडिओ
लिहिलेत कसे? कागदावर १५ अंश २९ मिनिटं ५० सेकंद असेल आणि यंत्रात १५ अंश २९.५० मिनिटं असं भरलं तर ६०० मीटरचा फरक पडतो, कारण ५० सेकंद म्हणजे ०.८३ मिनिट. सेटिंगमधे पद्धत बघा, आणि घेताना समोरच्याला विचारा की तो कुठली वापरतो. आणि डेटम, म्हणजे नकाशाची मोजणी ज्यावरून धरतात तो पाया, दोघांचाही डब्ल्यूजीएस ८४ हवा.

मोरजीचा_दर्या
तेच निघालं! दोन्ही खडक सेकंदात लिहिलेले होते. देव बरें करूं काका.
कामाचं सांगतो. ४ स्क्वेअर एमएम टिनवाली वायर मिळाली, इलेक्ट्रिशियनला हा धागा दाखवला, आधी जरा रागावला, मग क्रिंपिंग टूल स्वतःच घेऊन आला. मेन फ्यूज बॅटरीला लागून, पंपाची लाइन वेगळी. अँटेना अजून लावायची होती म्हणून टोकाला डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा नकली भार) जोडून सेटचं बटन दाबलं आणि सेटच्या मागे मीटर धरला, बॅटरीवर १२.४ तेव्हा सेटवर १२.१.

व्होल्टमास्तर
एक नंबर. हे आकडे पॅनलच्या झाकणावर आतून लिहून ठेव. पुढच्या वर्षी परत मोज, फरक वाढला असेल तर कुठेतरी जोड खराब होतोय, तो आधीच सापडेल. आणि प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नाव चिकटव.

सोल्डर_आणि_सुंगटं
डमी लोड कुणी दिला ते सांग की 😄 म्हापशाला आला होता.

मोरजीचा_दर्या
हो, आणि चहाही पाजला! एकच राहिलं. नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, बाबांचा जुना कंपास आहे, सेट त्याच्या शेजारी बसवला तर चालेल का? जागा तिथेच आहे.

निवृत्त_रेडिओ
नको. स्पीकरमधे चुंबक असतो, निदान मीटरभर लांब ठेवा. जवळून जाणाऱ्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वायरी एकमेकींना पीळ घालून न्या. बसवून झाल्यावर होडी एका जागी धरून सगळं एकेक चालू-बंद करून बघा, कंपासचा काटा हलला तर सेट अजून मागे घ्या.